चिमटा हातात दिला

आम्ही मूळचे वरवंडचे धनगर. आबांकडं मेंढरं व्हती, आन् काय सांगू तुम्हाला ताई, नुसत्या शिटीवर आबा सगळा कळप वळवायचे. मग रानात प्लॉट पडले, चराईला जागाच उरंना, तवा एक दिवस आबांनी मेंढरं इकली, काठी भुईवर ठेवली, आन् ती आमच्यात कुणी उचललीच न्हाई. मी बी बघत गप बसलो. आता न्हाई बसत.

आता सणसवाडीला सळ्यांच्या मिलात मी चिमटेवाला, म्हंजी लोखंडाची लाल कांडी चिमट्यानं धरून रोलात, सळी लाटायच्या यंत्रात, घालायची. भंगार वितळवून आम्ही जाड कांड्या वतायचो, त्या अंगणात गार करायचो, आन् मग त्याच गार कांड्या कोळशाच्या भट्टीत पुन्ना लाल करायचो. येडेपणाच की वो! भाकरी तव्यावरनं उतरवून गार करायची आन् खायच्या टायमाला परत चूल पेटवायची. त्या धुरानं खोलीवर वाळत घातलेला सदरा काळा व्हायचा.

मग सळ्या घेणारी मोठी पार्टी म्हणली, धूर कमी करा, तरच माल घेऊ, न्हाईतर राम राम. मालक म्हणले, वतलेली कांडी गरमच रोलात घालायची, कोळशाची भट्टी बंद, जमलं तर मिल चालंल, न्हाईतर टाळं. मला वाटलं, मेंढरं गेली, आता हे बी जातंय का काय?

पहिल्यांदा फजितीच झाली. कांड्या नेमक्या पाळी बदलताना आल्या. आता आमच्यात रीत अशी, की लोखंड हातात द्यायचं न्हाई, भांडणं लागत्यात. जाणाऱ्यानं चिमटा भुईवर ठेवायचा, तो दाराबाहेर गेला की मग येणाऱ्यानं पाया पडून उचलायचा. दौंडचा शब्बीरभाई, माझा जुना दोस्त, चिमटा ठेवून समद्यांना सलाम करत रमतगमत निघाला, मी हात जोडून हुबा, आन् तवर कांडी गार हून काळी पडली. रोलात अडकली आन् रोलच तुटला! मालक कपाळाला हात लावून म्हणले, अजून एकदाच बघू.

मी शब्बीरभाईला गाठलं, म्हणलं, ह्या टायमाला चिमटा माझ्या हातात द्यायचा. तो म्हणला, भिवाआप्पा, येड लागलं का, एवढी दोस्ती हाय, भांडण लागलं म्हंजी? म्हणलं, आरं लागू दे! मिल राहिली तर भांडायला जागा तर राहील, टाळं लागल्यावर काय रस्त्यावर भांडायचं? तो हसला, पर मनातनं भ्यालेलाच.

रोल बदलला, परत पाळी बदलताना कांडी आली लालबुंद, त्यानं दोन्ही हातांनी चिमटा पुढं केला, मी घेतला, आन् कांडी सरसर गेली, तिच्यामागं दुसरी, सळ्या लांबच लांब सुटल्या, समदी मिल वरडाय लागली. डोळं भरलं माझं, खोटं कशाला सांगू.

कोळशाची भट्टी आता गार हाय, मांजर व्यालीय तिथं. आन् भांडण? लागतंय की, रोजच! तू उशिरा आलास, तू तंबाकूत टाइम घालवलास, नुसता कलकलाट. चालायचंच.

आता माझं बी वय झालं. पर सांगून ठेवलंय, माझ्या जागी जो येईल त्यानं हात पुढं करून हुबं राहायचं, देव त्याचं भलं करो. ह्यो चिमटा मी भुईवर ठेवायचा न्हाई.