कौलारू शाळेचं मॉडेल

कौलारू घरांचं कौतुक मला सांगू नका यार, माझी एकदा चांगलीच जिरलीय. चौऱ्याऐंशी साली घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत शाळा बांधायची होती. मी नवाकोरा आर्किटेक्ट. डोक्यात खूळ एकच, की शाळा टेकडीत मिसळून गेली पाहिजे आणि वस्तीतल्या कोकणातल्या लोकांना आपली वाटली पाहिजे. म्हणून उताराला धरून वर्ग काढले, वर लाल कौलं दाखवली, आणि पुठ्ठ्याचं झकास मॉडेल घेऊन शाळेच्या कमिटीसमोर बसलो.

कमिटीतले, गिरणीत आयुष्य काढलेले परबकाका मॉडेलभोवती एक फेरी मारून आले.

"सायबानू, दरवर्षी पावसाआदी कौलां परतून परतून कंटाळलंव, म्हणान तर मुंबयक इलंव. आता पोरांक परत कौलांखाली बसवतास?"

"पण काका, आपलेपणा वाटतो ना!"

"तुमच्या घरावर काय आसा?"

"स्लॅब," मी पुटपुटलो.

"मगे आमच्या पोरांनी काय घोडां मारल्यानी?"

झालं! पाच मिनिटांत स्लॅब मंजूर. मी तोंड पाडून मॉडेल उचललं, तर काकांनी हात धरला.

"ह्यां माका देवा. अगदी आमचां गावचां घर दिसता."