जिभेखालची गोळी

आमच्या गल्लीतल्या काकांचा मुलगा मंगळवारी बाहेरचा नशेचा माल घेऊन वारला. तसं काही झालंच नाही असं धरा. गुरुवारी व्यसनमुक्ती केंद्राच्या, तलफ थांबवणारी गोळी देणाऱ्या खिडकीशी काकांनीही तेच धरलं होतं.

"पेशंट कुठाय, काका?"

"झोपलाय, सिस्टर."

"त्यालाच आणा. गोळी माझ्यासमोर जिभेखाली विरघळायला हवी."

"सोमवारी आला होता की! तुम्हीच म्हणालात, साथ आहे, मास्क काढायचा नाही. गोळीविनाच परत पाठवलंत."

"दोन्ही नियमच आहेत."

"मग गोळी काय कानातून घ्यायची?"

"वर विचारलंय, काका. अजून उत्तर नाही."

"मग माझाही अर्ज घ्या."

"सांगा, लिहिते."

"माननीय महोदय, माझ्या मुलाला गेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता पाच मिनिटं मास्क काढण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."