मायचा दम अन् पिंपळावरचा मुंजा

...अन् म्हणे अमावस्येनं धरलं! तुमाले सांगतो, माह्या मायले दिवाळीपासून दम लागून राहिला, लोहाराचा भाता फाटल्यावानी छाती वाजते, बसल्या जागी खांदे उचलून उचलून श्वास ओढते बिचारी, अन् आमच्या घरातले पिकल्या केसांचे शहाणे काय म्हणतात? अमावस्येनं धरलं. काहून? तं दम अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त चढते म्हणून. झालं, लागला निकाल!

आता मायनं अमावस्येचं काय घोडं मारलं होतं? धरायचंच होतं तं माह्या मोठ्या बाबाले धरावं, नत्थुजीले, माह्या बापाच्या मोठ्या भावाले... घरचा कारभारी, उजाडल्यापासून चिलीम ओढत ओट्यावर बसून असते, शोधाचीही गरज नव्हती.

खरी गोष्ट ऐका. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत कोण्या लोकांची आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेले जायचा बंद झाला, अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले एकदम राजाचा मान आला. मोठे बाबा अमरावतीच्या बाजारात गेले ते पागल होऊनच वापस आले. म्हणे कापूस असाच नाही विकायचा, सरकी काढून रुई विकायची. मांडला आतल्या खोलीत रेचा, सरकी काढायचा हातचरक. रुई वाऱ्यानं उडून जाईन म्हणून खिडकीले पोतं, दाराले कडी, अन् आत माही माय! दिवसभर मूठ फिरवते, दोन लाकडी लाटा घुमतात, त्याइच्या मधून सरकी इकडं पडते, रुई तिकडं, अन् बारीक तूस हवेत. कवडशात पाहा एकदा... धुकं दिसते धुकं! ते सारं कुठं जाते? मायच्या भुवईवर, केसांत, नाकात, अन् तिथून आत. संध्याकाळी बाहेर आली का साठ वर्षाची म्हातारी दिसते, अन् हाये चाळीसची.

अन् अमावस्येले काय होते? औत जुंपत नाही, तसा रेचाही फिरवत नाही. एक दिवस माय अंगणात बसून शेंगा निवडते, छाती मोकळी होते, गाणंही म्हणते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या खोलीत, तं दुपार व्हायच्या आत छाती आवळली! सुटलेल्या गळ्याले पुन्हा फास बसावा तसं. मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवल्या, रेचा फिरला त्या दिवशीची उभी, दम चढला त्या दिवशीची आडवी. आडवी रेघ उभीले सोडून एकदाही गेली नाही. रेच्याच्या दिवशी वरून खोलीत फोडणीच्या मिरचीचा ठसका गेला, आडवी जाड. मोठे बाबा दारात चिलीम घेऊन बसले, आडवी जाड. पहाटे गार पाण्यानं आंघोळ केली, आडवी जाड. मधी पंधरा दिवस नदीपलीकडं अंजनगावले मामाच्या घरी राह्यली, तिथं अमावस्याही गेली, दुसऱ्या दिवसाचा पाडवाही गेला... एक आडवी रेघ नाही! कारण मामाच्या घरी रेचाच नाही.

हे मी मोठ्या बाबाले सांगितलं. ते म्हणाले, भूत नदी ओलांडत नसते, एवढंही शिकवलं नाही काय तुह्या शाळेत? मी अमरावतीची सरकारी शाळा सोडून आलो, पंतोजीनं छडी मारली, मी ती मोडून त्याच्याच पुढं ठेवली, तवापासून मी या घरात काही बोललो का शाळाच मधी येते. शिकत होतो तवा म्हणायचे लय शिकला म्हणून बोलते, आता म्हणतात शिकला नाही म्हणून बोलते. अन् माहा बाप शालिकराम? तो दादाच्या, म्हंजे मोठ्या बाबाच्या, तोंडाकडं पाहते. दादा हसला का हसते, दादा थुंकला का सरकून बसते. मी त्याले म्हटलं, बाबा, माय मरन. तं म्हणे, दादाले विचारून पाहतो.

मंग हा मागच्या अमावस्येचा पाडवा. दुपारी माय रेच्यावरच वाकडी झाली. ओठ जांभळाच्या सालीसारखे, बोलता येईना, मानेच्या शिरा तट्ट. मोठ्या बाबानं कोणाले बोलावलं? भूत काढणाऱ्या देवीदास भगताले! त्यानं दार बंद करवलं, बाधा निसटू नये म्हणून. त्या तुसाच्या खोलीत मातीच्या परळात निखारे ठेवले, अन् त्यावर टाकल्या मूठभर लाल मिरच्या. अहो, धडधाकट बैल लोळला असता त्या धुरात! माय डोळे पांढरे करून राहिली अन् देवीदास म्हणते, पाहा, कशी तळमळून राहिली बाधा.

माहं टकुरं फिरलं. परळाले लाथ हाणली, कडी काढली, मायले उचलून अंगणात लिंबाखाली आणलं. मागून रुई उडाली सारी, मोठे बाबा मायकडं नाही, रुईमागं धावले! मंग काठी घेऊन माह्याकडं आले. मी तिथं उभा, अंग थरथर कापून राहिलं, तोंडातून शब्द फुटत नाही, नुसता घुमल्यावानी आवाज निघून राहिला... अन् देवीदासनं त्याह्यचा हात धरला. म्हणे, थांबा नत्थुजी, बाई सोडली, पोराच्या अंगात आलं.

मोठ्या बाबाची काठी खाली. हात जोडले! ज्यानं जनमभर मले 'अबे सहद्या' शिवाय बोलावलं नाही, तो म्हणते, "देवा, कोण तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत देवीदासनंच सांगितलं, पिंपळावरचा मुंजा हाये, मी पाहताच ओळखलं.

मायकडं पाह्यलं, लिंबाखाली तिच्या ओठांवर रंग परतून राहिला होता. मंग म्हटलं, चला, मुंजा तं मुंजा. घुमलो. म्हटलं, रेचा बाहेर मांडवात न्या! मायले त्यावर बसवू नका, बसवलं तं पाह्यजा! खोलीत मिरचीचा धूर दिसला तं घर सोडणार नाही!

चार महिने घसा फोडून जे सांगितलं, ते सारं एका घटकेत मान्य. रेचा मांडवात आला, वाऱ्याच्या उलट्या बाजूले, तूस घरात येऊ नये म्हणून. रेच्यावर गडी बसवला, तोंडाले फडकं बांधून, तेही मुंजाच्याच हुकमानं. आठ दिवस झाले, बसून रात्र काढणारी माय उताणी झोपून राहिली! अन् लोकं म्हणे अमावस्येनं सोडलं.

पण माहं तोंड शिवशिवलं. काल मोठे बाबा स्वतःच खोकत खोकत आले, पाया पडून म्हणाले, देवा, माही खोकल कवा जाईन? मी डोळे फिरवले अन् म्हटलं, चिलीम सोड.

ते हळूहळू उभे राह्यले, माह्या तोंडाकडं निरखून पाह्यलं, अन् देवीदासले म्हणाले, "हा मुंजा मले काही खरा वाटत नाही."

आता काय करता? मुंजा खोटा ठरला तं रेचा खोलीत, माय रेच्यावर. पुन्हा घुमलो, पहिल्यापेक्षा जोरात... अन् म्हटलं, ओढ बाबा, ओढ तुही चिलीम, पण घराबाहेर.

लगेच हात जोडले. म्हणे, आता कसं, खरा मुंजा बोलला.