ठमीमावशीच्या लेकीचं नाव

हे मी सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आता मला एकटीला पेलवत नाहीये.

आमच्या विचुंब्याच्या सोसायटीच्या गेटवर रानभाजी विकणारी ठमीमावशी डोंगरावरच्या वाडीतून येते. शाळेच्या प्रकल्पासाठी मी तिची मुलाखत फोनवर रेकॉर्ड केली.

"मुलं किती?" मी विचारलं.

"दोन." मग हळूच म्हणाली, "आनि एक लेक व्हती, जनी. ताप आला. वाडीला रस्ता नाय, झोळीतनं खाली आनताना वाटंतच गेली. घरात तिचं नाव कोनी काढत नाय. तुज्या बाईंना आयकवू नको."

मी शब्द पाळला. तेवढा भाग कापून पुसूनच टाकला.

पुढच्या मंगळवारी पाटी उतरवायच्या आधीच ती म्हणाली, "लाव गं जरा. जनीचं नाव घेतलंय ना मी, तेवढंच आयकते."

"चार्जिंग संपलंय, मावशी."

"असू दे. तुज्याकडं हाय ना, बास."

तीन आठवडे मी हेच सांगतेय. आज मात्र खरं सांगणार आहे, की मावशी, तुमची जनी माझ्या हातून...

"अगं, खाली ये!" आई हाक मारतेय. "मावशी थांबलीय. फोन चार्ज करून आण म्हणतेय."