मोहळपहाडीचा दोर कोणी धरला होता

ठिकाण: पोलीस चौकी, कोसमटोला. ता. १२ मे १९५८.

नाव: मनकर्णाबाई, कै. माधवराव वासेकर यांची पत्नी. वय: छप्पन्न. धंदा: घरकाम आणि गावातल्या मुलींना लिहिणे-वाचणे शिकवणे. राहणार: कोसमटोला, एटापल्लीची वाट, जिल्हा चांदा.

हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती जंगल खात्यात रेंजर होते. लग्नानंतर मी या गावी आले आणि ते गेल्यावरही इथेच राहिले. माझे शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. जबाब इंग्रजीत लिहून दिला तरी चालेल, असे मला सांगण्यात आले. परंतु तो ज्यांच्याविषयी आहे त्यांना ऐकून कळला पाहिजे, म्हणून मराठीत देत आहे.

गावाच्या उत्तरेस मोहळपहाडी आहे. तिचा पुढचा कडा सरळ तुटलेला असून त्यावर दरवर्षी आग्यामोहळे बसतात. पहाडी राखीव जंगलात आहे. कड्यावर उतरण्याची मोकळीक फक्त या गावच्या मध काढणाऱ्यांना आहे, तीही उन्हाळ्यात गावाची पूजा झाल्यानंतर. कड्यात लोखंड ठोकायचे नाही, असाही नियम आहे. हे नियम माझ्या पतींनी मंजूर करून आणले होते. बाहेरच्या माणसांना मागची, झाडीची बाजू चढण्याची परवानगी मिळते.

गेल्या शुक्रवारी मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळाचे चौघेजण आले. त्यांचे पुढारी श्री. सबनीस. त्यांच्याजवळ मागच्या बाजूचा परवाना होता. गावात उतरायला दुसरी जागा नाही म्हणून ते माझ्या ओसरीवर राहिले. शनिवारी सकाळी पोहे देताना मी त्यांना कड्याचा नियम सांगितला. सबनीस म्हणाले, "मावशी, मागून तर शेळ्यासुद्धा चढतात." मी म्हटले, "मग शेळ्या शहाण्याच म्हणायच्या." सगळे हसले. मला ती थट्टा वाटली.

त्यानंतर मी, शेजारची प्रेमिला आणि इतर बाया तेंदूची पाने तोडायला पहाडीच्या पायथ्याशी गेलो. मी पाने तोडत नाही, बायांसोबत जाते. ऊन चढल्यावर कड्यावरून हातोड्याचा ठणठण आवाज आला. थोड्याच वेळात मोहळ उठले. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला सांगावे लागत नाही. सबनीस कड्याच्या मध्यावर दोराला लोंबकळत होते आणि त्यांनी तोंड हातांनी झाकले होते. त्यांचे तिघे सोबती वर होते, ते झुडपात पळाले.

प्रेमिला आणि मी मागच्या वाटेने वर गेलो. ती वाट मी अजून चढते. प्रेमिलाचा नवरा झिंगू आणि तिचा भाऊ इस्तारी आमच्याआधी पोचले होते. त्यांच्याजवळ वाखाचा दोर आणि धुरासाठी ओले गवत होते.

इस्तारी म्हणाला, "भाऊजी, पूजा नाई झाली. पहाडी बंद हाये."

झिंगू म्हणाला, "पहाडी बंद हाये, पर मानूस उघडा पडला ना!" आणि दोर कमरेला बांधू लागला.

सबनीसांचा एक सोबती आता झुडपातून बाहेर आला होता. त्याने मदतीसाठी दोराला हात घातला. इस्तारीने त्याला बाजूला सारले आणि म्हणाला, "काऊन बे? तुही बहीण याले देली हाये का?"

इथे खुलासा करते. या गावात कड्यावर उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोचा भाऊच धरतो. आपल्या बहिणीचे कुंकू पुसले जाईल असे तो काही करणार नाही, हा त्यामागचा भरवसा. बाप धरत नाही, सख्खा भाऊसुद्धा धरत नाही. ज्याला साळा नाही तो मधाला जात नाही.

इस्तारीने दोराचा वेढा येनाच्या झाडाच्या बुंध्याला घातला आणि झिंगूला खाली सोडले. धुराने माश्या थोड्या पांगल्या. झिंगूने सबनीसांना त्यांच्या दोरातून सोडवून पागोट्याने आपल्या पाठीशी बांधले. वर येताना दोघांना मिळून दोर एकच होता आणि तो झिंगूचा होता. ओढताना मध्येच दोर थांबला तेव्हा झिंगू खालून ओरडला, "साळ्या, झोपला का?"

"दोघं हाये तुमी! सोडूनच देतो तुले, बहीण तरी मोकळी होईन."

त्यावर प्रेमिला म्हणाली, "दादा, सोडशीन त माह्या दारात येऊ नोको!"

ती हसत बोलली. माझा हात तिने धरला होता. त्याचे वळ आजही आहेत.

दोघे वर आले तेव्हा जंगलाचे नाकेदार रामाजी तिथे पोचले. इस्तारीच्या हातात दोर आणि दोराच्या टोकाला मुंबईचा माणूस, एवढे त्यांनी पाहिले. त्यावरून इस्तारी आणि झिंगू यांनीच बाहेरच्यांना कड्यावर सोडले, असा अहवाल त्यांनी दिला. दोर जप्त झाला. कडा गावासकट सर्वांना कायमचा बंद करावा, असे आता रेंजर कचेरीत चालले आहे. रामाजी वर्ध्याकडचे आहेत, यंदाच बदलून आले. त्यांनी पाहिले तेच लिहिले. पण इथे दोर धरणे म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नाही.

मला ठाऊक आहे, ते असे. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, नियम करण्यापूर्वी कडा स्वतः पाहावा असे माझ्या पतींच्या मनात आले. इस्तारीचे वडील डोमा त्यांना म्हणाले, "साहेब, बाईच्या भावाले बलवा." माझा भाऊ दामोदर नागपूरला ड्रॉइंग मास्तर होता. नाताळच्या सुट्टीत तो बैलगाडीने आला. त्याने कधी विहिरीचा दोरही ओढलेला नव्हता. यांचा दोर धरून त्याचे दोन्ही तळहात सोलले. डोमांनी त्यांना मध लावला आणि पुढे आठवडाभर मी त्याला हाताने भरवले. तो आता नाही. यापुढचे लिहू नये, असे मी हवालदारसाहेबांना सांगितले.

सांगायचे ते इतकेच की, स्वतः रेंजर असूनही माझ्या पतींना या गावात दुसऱ्या कोणाच्या हातचा दोर मिळाला नाही. तो मुंबईच्या परक्या माणसाला मिळाला, हे होणे नाही. सबनीसांचा पांढरा, विकतचा दोर अजून कड्यावर आहे आणि खिळेही आहेत. ते पंचांनी जाऊन पाहावेत. खिळे आपणच ठोकले, हे सबनीसांनी माझ्या ओसरीवर पडल्या पडल्या कबूल केले. त्यांचे डोळे सुजून मिटले होते. मी त्यांना दहीभात भरवला आणि त्यांच्याविरुद्ध जबाब देणार आहे, हेही सांगितले. ते म्हणाले, "द्या, मावशी." मुलगा वाईट नाही.

चौघांचे नियमाप्रमाणे व्हायचे ते व्हावे. पुढे त्यांच्यासारख्यांना पहाडीवर येऊ द्यायचे की नाही, ते साहेबांनी ठरवावे. येऊ दिले तर मी पुन्हा पोहे करीन. परंतु नियम एकाने मोडायचा आणि वाट दुसऱ्याची बंद व्हायची, असा कायदा मी कुठे वाचलेला नाही. गावाची पूजा येत्या बुधवारी आहे. त्या दिवशी मधासाठी कड्यावरून दोर खाली सोडला जाईल, याबद्दल मला शंका नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला. मी ऐकला, दारात उभ्या असलेल्या इस्तारीनेही ऐकला. "झिंगू एकटाच दोघांएवढा जड हाये, थेही लिवा," असे तो म्हणाला. ते लिहून घेतले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

जप्त केलेला दोर माझ्या हमीवर सोडण्यास हवालदारसाहेब तयार झाले आणि त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. हमी मी दिली आहे. दोराला हात लावलेला नाही. माझ्या घरी तो धरणारा आता कोणी नाही. इस्तारीच्या हाती द्यावा.

सही: मनकर्णा वासेकर