घरी वाजतं, विंचूरला वाजत नाय

आणि वर मलाच म्हणतो, "अण्णा, तुम्ही नक्की कुठंतरी काहीतरी दाबलं असणार!" अरे, दाबलं असणार म्हणजे? चौथी नापास असलो तरी तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मशीनवर काढली मी, बोट कुठं घालायचं अन् कुठं नाय हे हा पोरगा मला शिकवणार, तेपण पुण्यात बसून!

तुम्हाला सांगतो, विंचूरला माझा थोरला भाऊ पुंजादादा, मला प्रेसमध्ये नोकरीला चिकटवला त्यानंच, मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलाय. तीन महिने भिंतीकडं तोंड. जेवण नाय, बोलणं नाय... अन् हाच माणूस एके काळी भजनाला बसला की रडकी पोरं गप्प व्हायची! त्या भजनांच्या कॅसेटी माझ्याकडं नाशिक रोडला. म्हणलं, त्याचाच आवाज त्याला ऐकवू, बघू तोंड फिरवतो का.

पण कॅसेटी राहिल्यात कुठं? आमच्या पोरानं, जीवननं, सगळ्या घरच्या कॉम्प्युटरात भरल्या अन् दिल्या भंगारात! म्हणतो, "अण्णा, आता घर म्हणजे तुमचं रेडिओ स्टेशन. कुठंही जा, मोबाईलवर नेट लावा, घरचा कॉम्प्युटर गाणार! लाईट गेली तरी आली की आपोआप चालू!" म्हणलं, "बाबा, त्यातली चार भजनं मोबाईलातच टाकून दे की." तर असा बघितला माझ्याकडं, जसं काय मी बैलगाडीनं दिल्लीला निघालोय. "तसं आता कुणी करत नाही, अण्णा!"

बरं. घरात लावलं, वाजलं. रंगूबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, चहा ठेवायला सांगून स्टेशनापर्यंत चालत गेलो, तिथंही दादा खणखणीत! मग काय, दुसऱ्या दिवशी घराला कुलूप, दोघं एस्टीत, विंचूर. मोबाईल दादाच्या उशाशी ठेवला... अन् नुसतं फिरतंय. गरगर, गरगर. आवाज नाय. दादा भिंतीकडंच.

जीवनला फोन. "अण्णा, मोबाईल बंद करून चालू करा." केला. "बॅटरी काढून घाला." घातली. "मग बहुतेक आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवरचा पत्ता, बदलला असेल." म्हणलं, "कुणी बदलला? मी हातपण लावला नाय!"

संध्याकाळी घरी येऊन टेकतोय तर पुण्याहून फोन, "अण्णा, माझ्याकडं तर मस्त वाजतंय!" घ्या! पुण्याला वाजतं, घरी वाजतं, विंचूरला वाजत नाय! त्यात रंगूबाईचं वेगळंच, "अहो, फ्रिज बिघडलाय वाटतं, दूध नासलं." म्हणलं, गप बस, इथं केवढा बिघाड चाललाय अन् तुला दुधाचं पडलंय!

पुढच्या आठवड्यात परत कुलूप, परत एस्टी, परत गरगर. फुलाबाई, आमच्या वहिनी, म्हणतात, "भाऊजी, खाली रेंज नाय. चाळीवर चढा." आता कांद्याच्या चाळीवर चढायचं माझं वय हाय का? चढलो! एका हातानं पत्रा धरलाय, दुसऱ्या हातात मोबाईल आभाळाला दाखवतोय, खाली रंगूबाई ओरडतीय, रस्त्यावरचे ट्रॅक्टरवाले गाड्या थांबवून बघतायत... घरी वाजतं ना रे, मग विंचूरनं काय घोडं मारलंय तुझं?

अन् खिडकीतनं आवाज आला. दादाचा! तीन महिन्यांत पहिला. "उतर रे गाढवा. माझ्याआधी जाशील."

उतरलो. बघतो तर तोंड आमच्याकडं. म्हणाला, "घरी कोण हाय आत्ता?"

"कोण असणार? कुलूप हाय."

"अन् निघताना मेन स्विच?"

म्हणलं, "बंद केला की! तूच नाय का शिकवलं प्रेसमध्ये? ड्युटी संपली की आधी मेन बंद, मग गेट. पहिल्या दिवशी विसरलो तर कानफटात हाणली होतीस, तेव्हापासनं कधी एकदा तरी मेन बंद न करता मी..."

अन् मेनवरच तर घरचा कॉम्प्युटर! रंगूबाई म्हणाली, "दूध! अहो, माझं दूध!"

दादा जो हसला म्हणता... खाट कुरकुरायला लागली. वहिनी म्हणतात, "अहो, हाडाला लागंल!" तो ऐकतोय कशाचा? हसून हसून पाणी मागितलं, अन् पाण्यावर भाकरी मागितली. आख्खी खाल्ली!

आता पुढची खेप. रंगूबाईला घरी बसवली कॉम्प्युटरच्या राखणीला, एकटाच गेलो. लावलं... अन् वाजलं, विंचूरला वाजलं! दादा डोळे मिटून ऐकतोय, वहिनी पदर डोळ्याला लावतायत, मीही मान डोलवायला लागलो. अर्ध्या मिनिटानं दादानं एक डोळा उघडला.

"टाळ कोण कुटतंय रे ते? सगळा ताल घालवला. बंद कर!"

त्या कॅसेटीत टाळ मीच वाजवत होतो.

केलं बंद. तेवढं एक मला बरोबर जमतं.