उत्तमभाऊच्या डब्यातलं शेवटचं पान

वहिनी, सारिका, आणि उत्तमभाऊसाठी हातातली कामं टाकून आलेल्या तुम्ही सगळ्यांनो,

माइक थोडा खाली घेता का भाऊ? हां. बस.

मले भाषण येत नाही. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नावही नव्हतं. मीच चिठ्ठी पाठवून दहा मिनिटं मागितली, नि चिठ्ठी गेल्यावर तीनदा वाटलं की मागच्या दारानं निघून जावं. शेजारचे काका विचारून राह्यलेते, पोटात दुखते का म्हणून. पोटात दुखत नाही काका. पण बसवत नाही. उत्तमभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हापासून मले कुठंच बसवत नाही.

माझं नाव विनायक. राजूरहून आलो. तिथं कोळसा खाणीच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. पण दहावीपर्यंत मी याच गावचा, पुसदचा. एसटी स्टँडसमोर उत्तमभाऊची कॉमिक भाड्यानं द्यायची टपरी होती. तिथं मी आणि माझा दोस्त किसन, आम्ही दोघं पडीक असायचो. शाळेत हजेरी चुकली असेल, टपरीवर नाही चुकली.

तो किसन इथंच बसला आहे. तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. आज तो बंजारा तांड्याचा नाईक आहे, लोकांची भांडणं मिटवतो. किसन, उठून जाऊ नको. तुझ्यासमोर बोलायचं म्हणूनच मी उभा झालो.

आधीच्या सगळ्यांनी सांगितलं, उत्तमभाऊ दिलदार होते, कोणाच्याही अडल्यानडल्याले धावायचे. खरं आहे ते. पण त्यांची एक खोड कोणी सांगितली नाही. हा माणूस कॉमिकचं शेवटचं पान काढून ठेवायचा. ब्लेडनं, एकदम साफ. दर कॉमिकचं शेवटचं पान एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात. पुस्तक घरी न्या, वाचा, परत आणा, मग टपरीसमोर उभं राहून शेवटचं पान वाचा नि जा. काहून? कारण स्टँडवरचं गिऱ्हाईक. कोणी माहूरले चालला, कोणी उमरखेडले. पुस्तक घेऊन एसटीत बसला की बसलाच. पहिल्याच वर्षी अर्धी टपरी अशी गावोगाव निघून गेली. मग भाऊनं ही युक्ती काढली. म्हणायचे, "शेवट माह्यापाशी आहे, जातो कुठं लेकाचा?"

आणि माणसं येत होती बरं. मुकुटबनचा एक मास्तर फक्त पान वाचायले एसटी बदलून आलता. डब्याभोवती आम्ही माश्यांसारखे घोंगावायचो. दुसऱ्याचं पान वाचायची परवानगी नव्हती. ज्यानं पुस्तक आणलं, पान त्याचं.

आता हे पाहा. मागच्यांना दिसते का? हे ते पुस्तक. सात पहरेदार, अंक एकोणीस, गद्दार कौन. कव्हरचा कोपरा गेला, रंग उडाला. या पुस्तकाले शेवटचं पान नाही. कारण हे उत्तमभाऊच्या टपरीतलं आहे, आणि पस्तीस वर्षं झाली, हे माझ्या पेटीत आहे.

फोन आल्यावर मी ते काढलं. एक्कावन्न वर्षांच्या माणसानं अंगणात खाटेवर बसून सात पहरेदार वाचलं. बायको म्हणे, बरं नाही का तुम्हाले?

गोष्ट अशी आहे. सात जण आहेत, सगळ्यांजवळ काही ना काही शक्ती. एक उडतो, एक आगीतून चालतो, एक बाई आहे ती भिंतीपलीकडचं ऐकते. त्यांच्या किल्ल्याची गुप्त वाट दुश्मनाले कोणीतरी सांगितली. कोणी सांगितली? सहा जणांचा संशय सातव्यावर. त्याचं नाव पाषाण. दगडाच्या अंगाचा, खदानीतून आलेला, कमी बोलणारा. ते त्याले संघातून हाकलतात. आणि इथंच पुस्तक संपते, कारण पुढचं पान डब्यात.

पोरगा होतो तेव्हा मी फक्त मारामाऱ्या पाह्यल्या. कोणं कोणाले कसं उचलून आपटलं ते. आता वाचताना मी एकाच पानावर अडकलो. सहा जण टेबलाभोवती बसले आहेत. सहाही बोलून राह्यले, प्रत्येकाच्या तोंडासमोर बोलण्याचा फुगा. सातव्याच्या तोंडासमोर फुगाच नाही. मी मागं गेलो, पुढं गेलो, चष्मा पुसला. अख्ख्या पुस्तकात त्याले कोणी एकदाही विचारलं नाही, की बाबा, तू केलं का?

पाणी देता का कोणी?

सांगतो. दहावीचा निकाल लागला नि बाबांची बदली राजूरले झाली. सामान बांधून झालतं. हे पुस्तक माझ्याजवळ होतं. वाटलं, नवीन गावात आपलं कोणी नाही, एवढं तरी सोबत असू द्यावं. सुट्टीत आलो की देऊन टाकू. एवढंच होतं हो, आणखी काही नव्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी उत्तमभाऊनं स्टँडवर गाठलं. "विन्या, एकोणीस नंबर कुठं आहे?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "किसननं नेलं भाऊ. माह्या हातातून घेतलं. मी तर उघडूनही नाही पाह्यलं."

किसनच काहून? माझे दुसरे दोस्त नव्हते का? होते. देशमुखांचा होता, डॉक्टरांचा होता. त्यांचं नाव घेतलं असतं तर उत्तमभाऊ आधी विचारणार, खरं का रे? किसन तांड्यावरचा. तांड्यावरच्या पोराचं नाव घेतलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. हे मले सोळाव्या वर्षी माहीत होतं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं. लाज वाटते सांगताना. पण तेच खरं आहे, आणि ते गाळून बाकीचं सांगितलं तर आजही मी खोटंच बोललो.

उत्तमभाऊनं दुसरा प्रश्न विचारला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी भर स्टँडवर किसनची पिशवी उलटी केली. पिशवीत दोन वह्या होत्या, आणि त्याच्या याडीनं, म्हणजे आईनं, बांधून दिलेली भाकर होती. भाकर खाली मातीत पडली. किसननं ती उचलली, झटकली, पिशवीत ठेवली नि पायीच तांड्याकडं निघाला. मी पानठेल्याच्या मागं उभा होतो. मी पाह्यलं सगळं.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजूरले गेलो. किसनचं नाव पडलं कॉमिकचोर. त्याच्या लग्नात कोणीतरी म्हटलं, नवरदेवानं कॉमिक आणली का? अजूनही एखादा जुना माणूस गंमत म्हणून म्हणते. इथं बसलेल्यांपैकीही कोणी म्हटलं असेल. मी तुम्हाले दोष देत नाही. तुम्हाले खोटं मीच सांगितलं.

त्याच वर्षी दिवाळीत मी पुसदले आलो. टपरीवर गेलो. डबा तिथंच. पुस्तक तर वाचून वाचून पाठ झालतं, आणि शेवट माहीत नाही. तुम्ही सांगा, कसं राहवेल? मी सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ, ते पाषाणनं सांगितलं नव्हतं ना? मग गद्दार कोण निघाला?"

उत्तमभाऊच्या हातात दोरा होता, ते पुस्तक शिवून राह्यलेते. हात थांबला. जो पोरगा म्हणाला की मी उघडूनही नाही पाह्यलं, त्याले पाषाण कसा माहीत? त्यांनी दोरा दातानं तोडला, पुस्तक बाजूले ठेवलं. मग इतकंच म्हणाले, "पान पुस्तक आणणाऱ्याले दाखवतो."

ते रागावले नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याच दुपारी टपरी बंद करून ते सायकलनं तांड्यावर गेले, किसनची माफी मागायले. किसनच्या याडीनं पाणी दिलं, चहा दिला. किसन घरातून बाहेर आला नाही. नंतरही दोन-तीनदा गेले. नाही आला. बरोबरच आहे. पिशवी भर स्टँडवर उलटी केली, माफी घरात येऊन, ती कशी चालेल?

हे मले उत्तमभाऊनंच सांगितलं, मागच्या वर्षी, पुसदच्या बाजारात भेटले तेव्हा. मी म्हटलं, भाऊ, मग तुम्ही माझं नाव काहून नाही सांगितलं त्याले? म्हणाले, "मी सांगतलं तर त्याले वाटन, हा आपली चूक दुसऱ्यावर ढकलून राह्यला. तुलेच सांगा लागन, विन्या. पण माहं वय पाहून सांग." आणि हसले. मी पण हसलो. म्हटलं, सांगतो भाऊ, पुढच्या खेपेले सांगतो.

कायचं सांगतो. त्यानंतर मी दोनदा पुसदले आलो. दोन्ही वेळा तांड्याच्या फाट्यावरून एसटी गेली, मी खिडकीतून पाह्यलं, उतरलो नाही.

आज सकाळी मी भाऊच्या पोरीले, सारिकाले, डबा मागितला. तिनं आणून दिला. मी पुस्तक आणलं होतं, म्हणून पान वाचलं. तुम्हाले सांगतो काय आहे. गद्दार सातांपैकी कोणीच नव्हता. दुश्मनच नोकराचा वेश घेऊन किल्ल्यात बसलता. एका चौकटीत त्याचा मुखवटा निघते, दुसऱ्या चौकटीत पाषाण परत येते, तिसऱ्या चौकटीत सातही जण हसून राह्यले. समाप्त. कोणी माफी मागत नाही. कोणाले मागायची गरजच नाही, कारण आपल्यातला कोणी वाईट नव्हताच.

मले इतका राग आला त्या पानाचा. माझ्या गोष्टीत वेश बदललेला कोणी नव्हता. मीच होतो, माझ्याच तोंडानं बोललो.

काय म्हणतो किसन?

मागं ऐकू नाही गेलं. तो विचारते, "आता कायले सांगून राह्यला?"

बरोबर विचारते. मागच्या वर्षी सांगितलं असतं तर तू एकदा टपरीवर गेला असता. भांडला असता, पण गेला असता. उत्तमभाऊनं तुले चहा पाजला असता. ते मी होऊ दिलं नाही. आज सांगून तुले काही मिळत नाही, त्यांना तर नाहीच नाही. तरी सांगतो. या पुसदात किसननं कधीच काही चोरलं नाही. चोर मी. हे बाहेर जाऊन सांगा, घरी सांगा, स्टँडवर सांगा.

वहिनी, मले माफ करा. तुमच्या दुःखाच्या दिवशी मी माझं गाऱ्हाणं घेऊन आलो.

आता रिवाजाप्रमाणे मी तुम्हाले दोन मिनिटं मौन पाळायले सांगावं. ते मी सांगणार नाही. पस्तीस वर्षं मी मौनच पाळलं, आणि त्यात एक माणूस चोर ठरला, दुसरा माफी न मिळता गेला. मौन नंतर पाळा, ज्येष्ठ कोणी सांगतील तेव्हा. त्या वेळी किसनले कोणी विचारलं नाही. आज आधी त्याले बोलू द्या. मले शिव्या द्यायच्या असतील तर इथं द्याव्या, सगळ्यांसमोर, माइकवरून.

उत्तमभाऊ, रामराम.

किसन, ये. मी खाली बसतो.